वेढ्यातलं सरकार आणि तीनशे ग्रॅम पाव

(मंडळाच्या गणेशोत्सव व्याख्यानमालेत दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



गेल्या वर्षी याच व्यासपीठावर फूलबागेवर व्याख्यान झालं होतं. १८५८ च्या जूनमध्ये आपल्या ग्वाल्हेरात जे सरकार उभं राहिलं, त्याची ती हकीकत. एक जूनला शिंद्यांची फौज फिरली, महाराज आग्र्याकडे गेले. फूलबागेत दरबार भरला, नानासाहेबांच्या नावाने पेशवाईची द्वाही फिरली, खजिन्यातून शिपायांचे पगार चुकते झाले. आणि एकोणीस जूनला ह्यू रोजने शहर परत घेतलं. तोवर राणीसाहेब पडल्या होत्या. आपल्या घराघरांतून या गोष्टी दोन्ही बाजूंनी सांगितल्या जातात, त्यात आम्ही पडत नाही. पण व्याख्यान संपल्यावर पहिल्या रांगेतल्या एका काकांनी प्रश्न विचारला होता. ‘दरबार भरला, तोफा सुटल्या, हे सगळं कळलं. पण त्या अठरा दिवसांत शहरात धान्य किती आहे, हे कुणी मोजलं का?’ त्या दिवशी सगळे हसले. आम्हीही हसलो. घरी गेल्यावर मात्र हसू राहिलं नाही, कारण हा प्रश्न आम्हाला नोकरीत एकदा चांगलाच भोवला आहे. ते पुढे सांगू.

काकांच्या प्रश्नाचं उत्तर ग्वाल्हेरच्या बाबतीत आमच्यापाशी नाही. पण त्यानंतर बाराच वर्षांनी, दुसऱ्या खंडात, असंच रातोरात उभं राहिलेलं एक सरकार आपल्या राजधानीत वेढलं गेलं. त्याची दप्तरं, जाहीरनामे, रोजनिश्या भरपूर आहेत. म्हणून आज पॅरिसबद्दल बोलायचं आहे, १८७०-७१ च्या वेढ्याबद्दल.

लढाईची हकीकत थोडक्यात उरकतो. १८७० च्या जुलैत फ्रान्सचा बादशहा तिसरा नेपोलियन याने प्रशियाशी युद्ध पुकारलं. दीड महिन्यात, दोन सप्टेंबरला, सेदाँ इथे तो फौजेसकट शरण गेला. बातमी पॅरिसला पोचली आणि चार तारखेला, रविवारी, लोक विधिमंडळात शिरले. तिथून मिरवणूक नगरभवनाकडे गेली. नगरभवनाच्या खिडकीतून प्रजासत्ताक जाहीर झालं आणि संध्याकाळपर्यंत मंत्रिमंडळ तयार झालं. नाव ठेवलं ‘राष्ट्रीय संरक्षणाचं सरकार’.

हे सरकार कुणी निवडलं? कुणीच नाही. बहुतेक मंत्री पॅरिसमधूनच निवडून आलेले विरोधी पक्षाचे आमदार होते, त्यांना पॅरिसची मतं होती, देशाची नव्हती. त्यांत वकिलांचा भरणा. परराष्ट्र खात्याचे झ्यूल फाव्र वकील, गृहखात्याचे गाम्बेता वकील, फेरी वकील, न्यायखात्याचे क्रेमिय तर वकील असणारच. वकिलांच्या या घोळक्यावर अध्यक्ष म्हणून एक सेनापती बसवला, जनरल त्रोश्यू. या त्रोश्यूला पॅरिसचा गव्हर्नर नेमलं होतं ते खुद्द बादशहाने, जेमतेम अडीच आठवड्यांपूर्वी! सरकारी नोकरीत एवढ्या लवकर साहेब बदलताना आम्ही पाहिलेला नाही.

निवडणूक घ्यायची म्हणून तारीख ठरली, मग ती पुढे ढकलली. शत्रू दारात असताना मतपेट्या कशा मांडायच्या, हेही खरंच. फाव्रने जगाला कळवलं की आमच्या भूमीचा एक इंच देणार नाही, किल्ल्याचा एक दगड देणार नाही. मग तो गुपचूप बिस्मार्कला भेटायला गेला. तिथे कळलं की त्याला इंच नको, अल्सेस प्रांत हवा आहे. फाव्र रडत परत आला असं सांगतात. एकोणीस सप्टेंबरला वेढा पूर्ण झाला, आणि सरकार आत अडकलं.

पहिली मोठी चूक आमच्या मते हीच. देश बाहेर होता आणि देशाचं सरकार आत. बाहेरचं पाहायला तूर या गावी कोण पाठवले, तर चौऱ्याहत्तर वर्षांचे क्रेमिय, सत्तरीचे ग्ले-बिझ्वाँ आणि एक आरमारी अधिकारी. धडधाकट माणसं राजधानीत राहिली, कारण राजधानीची खुर्ची कुणाला सोडवत नाही. शेवटी सात ऑक्टोबरला गाम्बेता बलूनमध्ये बसून मोंमार्त्रच्या टेकडीवरून उडाला. बत्तीस वर्षांचा गृहमंत्री, टोपलीत बसून, खाली शत्रूच्या बंदुका. त्याने बाहेर जाऊन खरोखर नव्या फौजा उभ्या केल्या. या माणसाबद्दल कुणाला काय वाटायचं ते वाटो, आम्हाला आदर आहे.

बलूनचा विषय निघालाच आहे तर थोडं थांबतो, कारण यात आमच्या खात्यासारख्या माणसांचं काम दिसतं. तारा तुटलेल्या, रेल्वे बंद. पॅरिसकरांनी रेल्वे स्टेशनांच्या रिकाम्या शेडमध्ये बलून शिवायचे कारखाने काढले. साठाहून जास्त बलून वेढ्यातून उडाले, लाखो पत्रं घेऊन. पण बलून नेता येतो तिकडे जात नाही, वारा नेईल तिकडे जातो, त्यामुळे बाहेरून आत येणं अशक्य. म्हणून बलूनबरोबर कबुतरं न्यायची, आणि उत्तरं बारीक फोटो काढून पातळ फिल्मवर उतरवून कबुतराच्या शेपटीच्या पिसाला बांधून पाठवायची. आत पोचल्यावर ती पडद्यावर मोठी करून कारकून उतरवून घेत. शेकडो कबुतरं सोडली, साठेकच पोचली. थंडी, धुकं, बहिरी ससाणे.

आता एकच बलून सांगतो. नोव्हेंबरअखेरीस जनरल दुक्रो मोठ्या फौजेनिशी वेढा फोडून बाहेर पडणार होता. बाहेरून गाम्बेताच्या फौजेने त्याच वेळी चालून यायचं. तारीख कळवायला चोवीस नोव्हेंबरच्या रात्री एक बलून सोडला. तो रात्रभर उडाला, समुद्र ओलांडून गेला आणि दुसऱ्या दिवशी बर्फाच्या डोंगरावर उतरला. तो डोंगर होता नॉर्वेत! दोघे उडाणकरी कसेबसे वाचले. निरोप नॉर्वेहून फिरून तूरला पोचला तोवर महिना संपत आला होता आणि दुक्रोची लढाई सुरूही झाली होती. विजयी होऊन येईन नाहीतर मरून, असं दुक्रो जाहीर सांगून गेला होता. तो हरलाही आणि जिवंत परतलाही.

आता धान्य.

वेढा पडण्याआधी तयारी झाली होती, हे मान्य करायला हवं. बुआ द बुलोन्य म्हणून मोठं उद्यान आहे, आपल्या फूलबागेच्या किती तरी पट. तिथे मेंढ्यांचे नि गुरांचे कळप आणून भरले, मेंढ्या तर लाखांनी. पीठ, गहू, तांदूळ गोदामांत आलं. पण आतली माणसं होती वीस लाख. भोवतालच्या खेड्यांतून पळून आलेली, फौजेतली, सगळी धरून. आणि सुरुवातीला वेढा फार तर दोन महिने चालेल, तोवर युरोपातलं कुणीतरी मध्ये पडेल, असा सगळ्यांचा हिशेब.

मांसाचं रेशन ऑक्टोबरमध्येच सुरू झालं. मेंढ्या संपल्या, मग घोडे. साठ हजारांवर घोडे पॅरिसने खाल्ले. कुत्री, मांजरं, उंदीर बाजारात आले, ते तुम्ही कुठे ना कुठे वाचलं असेल, त्यात वेळ घालवत नाही. एक गोष्ट मात्र गणेशोत्सवात सांगावी की नाही, असा विचार करत होतो. प्राणिसंग्रहात कॅस्टर आणि पोलक्स नावाचे दोन हत्ती होते, मुलांना पाठीवर बसवून फिरवणारे. डिसेंबरच्या अखेरीस ते मारले आणि एका मोठ्या खाटकाने विकत घेतले. सोंडेचं मांस पौंडाला चाळीस फ्रँकांच्या आसपास गेलं. शहररक्षक दलातल्या साध्या शिपायाला दिवसाला दीड फ्रँक मिळे. म्हणजे पौंडभर सोंड म्हणजे त्याचा जवळजवळ महिन्याचा पगार. हत्ती कुणी खाल्ला, हे यावरून समजा. ज्याच्याजवळ पैसा त्याला जानेवारीतही हॉटेलात ताट मिळत होतं. ज्याच्याजवळ नाही त्याची बायको पहाटे तीनपासून बर्फात लाइनीत.

त्या बायकांना आणि पोरांना पोसत होता तो पाव. आणि पावावर रेशन नव्हतं.

ही गोष्ट आम्हाला पहिल्यांदा वाचली तेव्हा खरीच वाटेना. मांस मोजून, लाकूड मोजून, गॅसचे दिवे बंद, आणि ज्याच्यावर शहर जगतं तो पाव मात्र नेमलेल्या भावाने हवा तितका! का? कारण सरकारला भीती होती. फ्रान्समध्ये पावावरून राज्य उलथल्याचा इतिहास आहे. एकतीस ऑक्टोबरला तसं जवळजवळ झालंही होतं. मेत्झची मोठी फौज शरण गेल्याची बातमी आली, तेव्हा जमाव नगरभवनात घुसला. मंत्र्यांना तासन् तास टेबलाभोवती डांबून ठेवलं, टेबलावर चढून नव्या सरकारच्या याद्या वाचल्या. रात्री उशिरा सुटका झाली. तीन दिवसांनी सरकारने पॅरिसचा कौल घेतला, साडेपाच लाखांवर लोक बाजूने, साठेक हजार विरुद्ध. एवढा कौल हातात असताना दुसऱ्या दिवशीच पावाचं रेशन लावायचं! लोकांनी ऐकलं असतं, उत्साह होता. पण ज्याची मान एकदा आवळली गेली आहे, तो नंतर शर्टाचं वरचं बटणसुद्धा लावत नाही.

डिसेंबरच्या मध्याला अफवा उठली की पाव मोजून मिळणार. पाववाल्यांच्या दुकानांवर गर्दी उसळली. सरकारने ताबडतोब भिंतीवर जाहीरनामा लावला, पावाचं रेशन होणार नाही. गर्दी ओसरली. पीठ उतरतच होतं. पावात आधी राय, मग ओट, मग तांदूळ, कोंडा, काड्या मिसळायला लागल्या. रंग काळा, खाल्ला की पोटात दगड. लोकांनी त्याला शहराच्या मेयरचं नाव दिलं. मेयर होते झ्यूल फेरी, अन्नपुरवठा त्यांच्याकडे. ‘उपासमारवाला फेरी’ हे नाव त्यांना जन्मभर चिकटलं.

इथे आमची गोष्ट सांगतो. नोकरीच्या सुरुवातीला आम्ही तिघं डिप्लोमावाले एका लहान गावच्या पाणी योजनेवर होतो. नाव घेत नाही. मे महिना, विहिरीची पातळी रोज उतरत होती. रोज सकाळी पट्टी टाकून आकडा रजिस्टरमध्ये लिहायचा. एका संध्याकाळी आम्ही तिघांनी हिशेब केला, अकरा दिवसांचं पाणी आहे. वर कळवलं. वरून सांगणं आलं, गावात बोलू नका, कळलं तर लोक साठवतील आणि अकरा दिवसांचं तीन दिवसांत संपेल. हे बोलणं मूर्खपणाचं नव्हतं, हे लक्षात घ्या. तसं होतंही. आम्ही ग्रामपंचायतीच्या फळ्यावर ‘पुरवठा नियमित राहील’ अशी नोटीस लावली. खाली सही आमचीच. पण कळायचं त्यांना कळलंच. ज्यांच्या घरी टुल्लू पंप होते, ओळखी होत्या, त्यांनी हौद भरून घेतले. आठव्या दिवशी खालच्या बस्तीचे नळ कोरडे. एक म्हातारी रिकामी कळशी घेऊन आमच्यासमोर उभी राहिली. ओरडली नाही. एवढंच म्हणाली, ‘तुमें तो पतो हतो, भैया?’ आमच्यातला एक हो म्हणाला, दोघं गप्प राहिलो. गप्प राहिलेल्यांत आम्ही होतो.

म्हणून फेरीला शिव्या देताना आमची जीभ अडखळते. त्याच्यासमोरही तोच पेच होता. सांगितलं तर दंगा, न सांगितलं तर ज्याला आतली खबर आहे त्याचं कोठार भरतं. फरक एवढाच की आमच्याकडे पट्टी होती. पॅरिसच्या सरकारकडे शहरात एकूण पीठ-गहू किती याचा भरवशाचा आकडा शेवटपर्यंत नव्हता. सरकारी गोदामांचा हिशेब होता. व्यापाऱ्यांकडे किती, घरात किती, दळायचा गहू किती आणि दळलेला किती, यावर मंत्रिमंडळात अंदाज चालायचे. अंदाज बदलत राहिले. कधी डिसेंबरमध्ये संपेल, कधी जानेवारीत. ज्याला कोठार माहीत नाही त्याला आपल्यापाशी दिवस किती हे माहीत नसतं, आणि ज्याला दिवस माहीत नाहीत तो तहाला कधी बसायचं ते ठरवू शकत नाही.

कुणी म्हणेल, ऑक्टोबरपासून पाव मोजून दिला असता तर वेढा आणखी सोसता आला असता. तसं आम्ही म्हणत नाही. सोसून करायचं काय होतं? बाहेरच्या फौजा डिसेंबर-जानेवारीत एकेक करून मोडल्या. आणखी दोन महिने म्हणजे आणखी मढी. जानेवारीत आठवड्याला चार हजारांवर माणसं मरत होती, वेढ्याआधीच्या तिपटीहून जास्त. ती तोफांनी नव्हे. पाच जानेवारीपासून शहरावर गोळे पडत होते, त्यांत शंभरेक नागरिक गेले. बाकीची देवी, न्यूमोनिया, थंडी आणि तो पाव, यांनी. त्यांत लहान मुलं फार. आमचं म्हणणं एवढंच, की मोजलं असतं तर डिसेंबरात, हातात महिन्या-दोन महिन्यांचं अन्न असताना, बिस्मार्कपुढे बसता आलं असतं. आठवड्याचं अन्न उरलेल्या माणसाशी कुणी घासाघीस करत नाही.

आता शेवटचे दहा दिवस पाहा. त्रोश्यूने सहा जानेवारीला भिंतीवर जाहीर केलं होतं की पॅरिसचा गव्हर्नर शरण जाणार नाही. त्याच्याकडे एक ‘योजना’ आहे आणि ती नोटरीकडे बंद पाकिटात ठेवली आहे, असं शहरभर सांगत. त्यावर विनोद चालत. अठरा जानेवारीला व्हर्सायच्या आरसेमहालात, पॅरिसपासून पाच कोसांवर, जर्मन साम्राज्याची घोषणा झाली. त्याच दिवशी पॅरिसमध्ये पावाच्या रेशनचा हुकूम निघाला. माणशी तीनशे ग्रॅम, पाच वर्षांखालच्या मुलाला दीडशे. दुसऱ्या दिवशी, एकोणीस तारखेला, शहररक्षक दलाला ब्यूझांवालच्या चिखलात चढाईला पाठवलं. तीनशे ग्रॅम काळ्या पावावर. चार हजारांच्या आसपास माणसं मेली नाहीतर जखमी झाली. यातून काही निष्पन्न होणार नाही हे पाठवणाऱ्यांना बहुतेक माहीत होतं. लोकांना लढाई हवी आहे, एकदा होऊन जाऊ दे, असा तो विचार. कठोर शब्द वापरायचा नाही असं ठरवून आलो होतो, पण याला दुसरा शब्द नाही. हे पाप आहे.

मग त्रोश्यूचं काय? सरकारने पॅरिसचं गव्हर्नरपदच रद्द केलं, सेनापती दुसरा नेमला, त्रोश्यू नुसता सरकारचा अध्यक्ष राहिला. म्हणजे शब्द खरा झाला. गव्हर्नर शरण गेला नाही, कारण गव्हर्नर उरलाच नाही! मंडळी हसताय, पण आमच्या कचेऱ्यांत अशी पदं रद्द होताना आम्ही रोज पाहतो.

तेवीस जानेवारीच्या संध्याकाळी फाव्र नावेतून सेन नदी ओलांडून व्हर्सायला गेला. अठ्ठावीसला युद्धबंदीवर सही झाली. पॅरिसने वीस कोटी फ्रँक द्यायचे, किल्ले सोडायचे, फौजेने शस्त्रं ठेवायची, आठ फेब्रुवारीला देशभर निवडणूक. फाव्रने हट्टाने एक गोष्ट मिळवली, शहररक्षक दलाची हत्यारं त्यांच्यापाशीच राहतील. मार्चमध्ये तीच हत्यारं पॅरिसच्या रस्त्यांत काय करणार होती, ही वेगळी आणि फार दुःखाची कहाणी आहे. तिच्यासाठी दुसरी संध्याकाळ लागेल.

आणि त्या रात्री एक तार गेली. फाव्रने बोर्दोला, जिथे आता गाम्बेताचं बाहेरचं कार्यालय हललं होतं, कळवलं की युद्धबंदी झाली. पण करारात एक कलम होतं, पूर्वेकडच्या फौजेला युद्धबंदी लागू नाही. ते कलम तारेत लिहायचं राहून गेलं. पूर्वेकडची फ्रेंच फौज स्वित्झर्लंडच्या सरहद्दीजवळ बर्फात होती. तिला हुकूम गेला, थांबा. ती थांबली. जर्मन फौज थांबली नाही, कारण तिच्या कागदावर कलम होतं. एक फेब्रुवारीला ऐंशी हजारांवर फ्रेंच शिपाई सरहद्द ओलांडून स्विस लोकांच्या हाती शस्त्रं देऊन आत गेले, पायाला चिंध्या बांधून. एका तारेतल्या राहून गेलेल्या ओळीमुळे. चार महिने उपाशी, झोप नाही, समोर बिस्मार्क. फाव्रची दया येते. तरीही ओळ राहिली ती राहिलीच. आम्ही कागद पाठवताना हल्ली दोनदा वाचतो.

मंत्र्यांपैकी पुढे सगळ्यांत जास्त नाव कुणाचं झालं म्हणाल, तर त्या उपासमारवाल्या फेरीचं. दहा-अकरा वर्षांनी तो शिक्षणमंत्री आणि पंतप्रधान झाला, आणि फ्रान्समध्ये प्राथमिक शिक्षण फुकट व सक्तीचं करणारे कायदे त्याने केले. ज्या वस्त्यांतली मुलं दीडशे ग्रॅमच्या पावावर होती, त्याच वस्त्यांतल्या पुढच्या मुलांसाठी त्या शाळा उघडल्या. पॅरिस त्याला त्यासाठी ओळखत असेल, पण सभांतून त्याच्या तोंडावर ओरडायचे ते पावाबद्दलच.

आरतीची घंटा झाली आहे, आणि ज्यांनी तो प्रश्न विचारला ते काका आजही पहिल्याच रांगेत आहेत. काका, उत्तर द्यायला एक वर्ष लागलं, क्षमा असावी. नमस्कार.